दंडावरील खूण

पेडगावातील एखाद्या वृद्ध आजोबांच्या दंडाकडे लक्षपूर्वक पाहा. तेथे बहुधा गोल, खोलगट खुणा दिसतील. त्यांच्या बालपणी गावोगाव मुलांना ‘देवी काढीत’, त्याच्या या खुणा होत. देवीचा रोग म्हणजे दैवी कोप, अशी तेव्हा अनेकांची समजूत होती. नवस बोलावा, दारी कडुलिंब बांधावा, एवढेच लोकांना सुचे. परंतु तो कोप नव्हता. एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा तो विषाणू होता.

हाच विषाणू सोळाव्या शतकात स्पेनच्या लोकांबरोबर अमेरिका खंडात पोचला. तेथील मूळ रहिवाशांना हा रोग सर्वस्वी अपरिचित होता. घरातील सारेच एकदम आजारी पडत. तहानलेल्याला पाणी देण्यासही कोणी उरत नसे. गावेच्या गावे ओस पडली. १९६८ साली ॲमेझॉनच्या अरण्यातील यानोमामी लोकांत बाहेरून आलेल्या गोवराने असाच कहर केला. ते लोक दुबळे होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. रोगाशी त्यांची पूर्वी गाठच पडली नव्हती.

मात्र ज्या वाटेने रोग गेला, त्याच वाटेने उपायही गेला. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली. तिच्या दंडावरील फोडातून ती इतर मुलांना मिळाली. १८०३ साली स्पेनहून बावीस अनाथ मुलांच्या दंडांवरून, एकाकडून दुसऱ्याकडे, ही लस अमेरिकेस नेण्यात आली. त्या मुलांची संमती कोणी विचारली नसावी. तरी असंख्यांचे प्राण त्यांच्यामुळे वाचले. ८ मे १९८० रोजी देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले.

गोवर मात्र अजून आहे. २०२२ साली मुंबईतही त्याने बालकांचे बळी घेतले. नऊ महिने पूर्ण न झालेल्या बाळाला सहसा गोवराची लस देत नाहीत. ते बाळही त्या अरण्यवासीयांप्रमाणे रोगाला अपरिचितच असते. म्हणून माझ्या मते, लस टोचून घेणे हे केवळ स्वतःपुरते कर्तव्य नाही. अंगावर पुरळ उठले असता शाळेत वा बाजारात न जाणे हा भित्रेपणा नव्हे. तो शेजारधर्म आहे. रोग आपल्याकडे कोणाकडून आला, यावरून कोणास दोष देऊ नये. तो आपल्याकडून पुढे जाऊ नये, याची काळजी वाहावी.