बंद उंचीचा हिशेब

"सर, ब्लू देऊ की ग्रीन?" दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया होतात त्या प्रत्येक ओटीत हा प्रश्न रोज ऐकू येतो. उत्तर एका शब्दात मिळते, रिलोड चढतो, जबडा मिटतो आणि काम पुढे सरकते. वास्तविक सिस्टर एक माप विचारत असते. रूढ संकेतानुसार पांढरा रिलोड मिटल्यावर स्टेपलची उंची, म्हणजे बंद उंची, १ मिलिमीटर राहते, निळ्याची १.५ आणि हिरव्याची २. आपण मात्र मिलिमीटरमध्ये न बोलता रंगात बोलतो, आणि रंग सगळ्या कंपन्यांचे सारखे नाहीत. एका कंपनीच्या हिरव्या रिलोडमधल्या स्टेपलचे पाय उघडे असताना ४.८ मिलिमीटर असतात, तर दुसरीच्या हिरव्यात ४.१. दोन्ही मिटून २ मिलिमीटरवरच येतात, पण वळायला उरणारी तार कमी-जास्त असल्याने वळलेल्या स्टेपलचा 'बी' अक्षरासारखा आकार दोन्हींत एकसारखा नसतो. तिसऱ्या एका पद्धतीत जांभळ्या रिलोडच्या तीन ओळींत ३, ३.५ आणि ४ मिलिमीटर अशा तीन उंचीचे स्टेपल एकत्र बसवलेले असतात. आज एका रुग्णालयात आणि उद्या दुसऱ्यात शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला 'ग्रीन' म्हटल्यावर नेमके काय मिळेल, हे त्या दिवशी कपाटात कोणती कंपनी आहे यावर ठरते.

दुर्बिणीतून वापरायच्या स्टेपलिंग आणि कापण्याच्या साधनांची रचना हा या अंकाचा विषय. त्या निमित्ताने आमचे म्हणणे असे, की या साधनाची सारी रचना बंद उंची या एका मापाभोवती उभी आहे. तरीही सर्जन, ओटीतले कर्मचारी आणि साधन घडवणारा अभियंता यांच्यात सर्वांत कमी बोलणे होते ते याच मापाबद्दल.

पहिल्या स्टेपलरचा विचार आजच्याइतकाच स्वच्छ होता. १९०८ साली बुडापेस्टमध्ये ह्यूमर ह्यूल्ट्ल या सर्जनने व्हिक्टर फिशर या साधन बनवणाऱ्याच्या मदतीने जठर मिटवायचे यंत्र तयार केले. वजन साडेतीन किलोच्या आसपास, आणि जोडून स्टेपल भरायला दोन तास लागत. पण आज आपण ज्यांच्या भरवशावर स्टेपलर चालवतो ती तत्त्वे त्यात होती: आधी ऊती दाबायची, मग बारीक तारेचे स्टेपल तिच्यातून पार करून 'बी'च्या आकारात वळवायचे, आणि ओळी एकमेकींच्या फटी झाकतील अशा तिरप्या क्रमाने मांडायच्या. 'बी'च्या दोन पोकळ्यांतून बारीक रक्तवाहिन्या वाहत्या राहतात, म्हणून कडेचा रक्तपुरवठा टिकतो. पुढे हंगेरीच्याच अलादार पेत्झने ते यंत्र हलके केले. १९३४ मध्ये जर्मनीतल्या उल्मच्या फ्रिडरिखने बदलता येणारे कार्ट्रिज आणले. मॉस्कोच्या शस्त्रक्रिया-साधनांच्या संशोधन संस्थेने पन्नाशीच्या दशकात स्टेपलरची मालिकाच उभी केली. अमेरिकन सर्जन मार्क रॅविच १९५८ मध्ये सोव्हिएत युनियनच्या दौऱ्यावर गेले तेव्हा कीव्हमध्ये त्यांनी श्वासनलिकेची शाखा स्टेपलरने मिटवताना पाहिली आणि येताना एक साधन विकत घेऊन आले. त्यातूनच लिऑन हर्श यांची कंपनी १९६४ मध्ये उभी राहिली आणि अमेरिकन स्टेपलर बाजारात आले.

या सगळ्या यंत्रांना पोट उघडलेले मिळत होते. साधनाच्या जाडीला मर्यादा नव्हती आणि सर्जनची बोटे ऊतीवर होती. जठर किती जाड आहे, सूज किती आहे, जबडा मिटताना ऊती किती प्रतिकार करते, हे तो चिमटीत धरून ठरवत असे. आपल्याकडे १९९० मध्ये मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. त्याच सुमारास अमेरिकेत पोर्टमधून जाणारे, कापता कापता स्टेपल लावणारे साधन आले. पोटावरची चीर गेली आणि तिच्याबरोबर चिमूटही गेली.

यंत्रशास्त्राच्या बाजूने पाहिले तर काम फार अवघड झाले. बारा मिलिमीटरच्या पोर्टमधून मिटलेला जबडा जायला हवा. तेवढ्या जाडीत वरची ऐरण, खालचे कार्ट्रिज, त्याला धरणारी धातूची पन्हळ, स्टेपल वर ढकलणारे ड्रायव्हर, ड्रायव्हरांना उचलत पुढे सरकणारी पाचर आणि मधून धावणारे पाते एवढे बसवायचे. ऐरणीच्या वाट्याला काय उरते? एका टोकाला बिजागरी आणि दुसरे टोक मोकळे अशी धातूची एक लांब, पातळ पट्टी. टोकाशी भार आला तर अशा पट्टीचा झुकाव लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ४५ मिलिमीटरऐवजी ६० मिलिमीटरचा रिलोड घेतला तर तेवढ्याच भाराखाली टोक सुमारे २.४ पट झुकते. जाडी पाचव्या हिश्शाने घटवली तर झुकाव जवळपास दुप्पट होतो. हे गणित कोणत्याही कंपनीला चुकवता येत नाही. बिजागरीपाशी ऊती घट्ट दाबलेली आणि टोकाला तीच ऊती सैल, म्हणजे मागे 'बी' नीट आणि पुढे अर्धवट वळलेला, असे घडण्याचे मूळ इथे आहे.

यावर निघालेला उपाय आम्हाला या साधनातली सर्वांत सुंदर कल्पना वाटतो. पात्याच्या वर आणि खाली आडव्या कडा दिल्या, म्हणजे पात्याचा छेद इंग्रजी 'आय' अक्षरासारखा झाला. वरची कड ऐरणीच्या खाचेत, खालची कड पन्हळीखाली. पाते पुढे सरकते तसतसे ते त्या त्या जागी दोन्ही जबडे एकमेकांकडे ओढून धरते. जिथे स्टेपल वळत आहे तिथली फट त्या क्षणी बरोबर असली की पुरे, सबंध ऐरण ताठ असण्याची गरज नाही. पाचर पात्याच्या किंचित पुढे धावते, त्यामुळे आधी स्टेपल आणि मग छेद हा क्रम राहतो. पाते शेवटच्या स्टेपलांच्या अलीकडेच थांबते. वापरलेला रिलोड चुकून पुन्हा फायर होऊ नये म्हणून अडसर असतो, कारण स्टेपलशिवाय धावणारे पाते रुग्णाच्या जिवावर बेतते. तरुण सर्जनांनी एकदा तरी वापरून झालेला रिलोड वर्कशॉपमध्ये उघडून हे भाग हातात घेऊन पाहावेत.

ऊतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ऊतीत पाणी असते. दाबली की ते हळूहळू बाजूला सरते आणि जाडी कमी होत जाते. म्हणून जबडा मिटून लगेच फायर केले, तर स्टेपल ज्या जाडीवर वळतो ती त्या ऊतीची खरी दाबलेली जाडी नसतेच. मिटल्यावर पंधराएक सेकंद थांबण्याची शिस्त यासाठी आहे. गर्दीच्या यादीत ते पंधरा सेकंद सर्वांत आधी कापले जातात, हे आपण सगळे जाणतो. मोटरवर चालणारी नवी साधने दाब मोजतात आणि त्यानुसार वेग कमी करतात किंवा थांबतात. या दिशेचे आम्ही स्वागत करतो. मात्र त्या मोटरने मोजलेला दाब सर्जनला आकड्यात दिसावा, नुसता हिरवा दिवा किंवा 'बीप' पुरेसा नाही. जठर अरुंद करण्याच्या 'स्लीव्ह' शस्त्रक्रियेत अँट्रमची भिंत जाड आणि फंडसची पातळ असते, म्हणून खालून वर जाताना रिलोड बदलतो. तरी बहुतेक गळती वरच्या टोकाला, अन्ननलिकेच्या जोडाजवळ होते. तिथला रक्तपुरवठा आणि खालच्या अरुंदपणामुळे आत वाढणारा दाब हीदेखील कारणे आहेत. प्रत्येक गळतीचे खापर स्टेपलवर फोडून भागत नाही. पण स्टेपलचे काय झाले हे कळल्याशिवाय इतर कारणेही वेगळी काढता येत नाहीत.

हाताबद्दलही बोलायला हवे. ७२६ लॅपरोस्कोपिक सर्जनांचे एक सर्वेक्षण २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. साडेसहा किंवा त्याहून लहान मापाचे ग्लोव्ह घालणाऱ्यांना ही साधने, विशेषतः स्टेपलर, हाताळणे अधिक अवघड जाते असे त्यात दिसले. आपल्याकडे शल्यचिकित्सेत येणाऱ्या मुलींची संख्या वाढते आहे. एका हाताची पकड पुरत नाही म्हणून निवासी डॉक्टर मॅडम दोन्ही हातांनी हँडल दाबतात आणि तेवढ्यात आत जबड्याचे टोक हलते, हे दृश्य कुणाला नवे नाही. हा दोष हँडलचा आहे, त्या मॅडमच्या हाताचा किंवा कौशल्याचा नाही. हँडलचे माप ठरवताना कोणाचा हात मोजला, हे खरेदी समितीने कंपनीला विचारलेच पाहिजे.

आता या सगळ्यात आम्हाला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट. अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०१९ मध्ये सर्जनांना पत्र पाठवले. १ जानेवारी २०११ ते ३१ मार्च २०१८ या काळात शरीराच्या आत वापरायचे स्टेपलर आणि स्टेपल यांच्याविषयी ४१,००० हून अधिक अहवाल आले होते. त्यांपैकी ३६६ मृत्यूंचे, ९,००० हून अधिक गंभीर इजांचे आणि ३२,००० हून अधिक साधनातल्या बिघाडांचे होते. हे अहवाल मृत्यूचे कारण सिद्ध करत नाहीत, हे खरे. पण बिघाडांचे पुष्कळ अहवाल वर्षानुवर्षे वेगळ्या, संक्षिप्त पद्धतीने दाखल होत राहिले आणि सर्जनांना दिसलेच नाहीत. ओळ उघडणे, स्टेपल वेडावाकडा वळणे, फायर न होणे किंवा भलतीकडे फायर होणे या वारंवार येणाऱ्या तक्रारी होत्या. ती पद्धत २०१९ मध्येच बंद झाली. त्या वेळीही हे साधन तिथे जीभ दाबायच्या लाकडी पट्टीच्या वर्गात, म्हणजे सर्वांत कमी जोखमीच्या वर्गात होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये एफडीएने ते वरच्या वर्गात नेले आणि कामगिरीच्या चाचण्या व लेबलवरची माहिती सक्तीची केली.

आपल्याकडे मटेरिओव्हिजिलन्सचा, म्हणजे वैद्यकीय साधनांच्या दोषांवर लक्ष ठेवण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम ६ जुलै २०१५ रोजी सुरू झाला. त्याचे केंद्र गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगात आहे. वैद्यकीय साधनांचे नियम २०१७ मध्ये आले आणि एप्रिल २०२० पासून सर्वच साधने औषध कायद्याखाली आणली गेली. म्हणजे चौकट आहे, अर्जही आहे आणि डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ यांपैकी कोणीही तो भरू शकतो. पण स्टेपलर अडकला की आपण काय करतो? दुसरा मागवतो, ओळीवर हाताने टाके घालतो, अडकलेले साधन बादलीत टाकतो आणि पुढचा रुग्ण टेबलावर घेतो. कंपनीचा प्रतिनिधी फार तर रिलोड बदलून देतो. अशा वेळी घडलेली गोष्ट रुग्णाच्या नोटमध्येही एका ओळीपलीकडे जात नाही.

याला पुनर्वापराचीही एक बाजू आहे, आणि ती टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. एकदाच वापरायचे हँडल ईटीओ वायूने निर्जंतुक करून दुसऱ्या, तिसऱ्या रुग्णाला वापरणे आपल्या देशात सर्रास चालते. ज्या रुग्णाला नव्या हँडलचा खर्च खिशातून करावा लागतो त्याच्यासाठी ते केले जाते, हे आम्हाला ठाऊक आहे आणि या प्रथेला दोष देणे सोपे आहे. पण वापरलेल्या हँडलचे दाते किती झिजले, आतल्या सांध्यात रक्त सुकून बसले का, हे बाहेरून कळत नाही. असे हँडल अडकले तर तक्रार करायला कोणी धजावत नाही, म्हणून त्या बिघाडाची नोंदच होत नाही. सोव्हिएत साधने धातूची आणि पुन्हा वापरायची होती, साठीच्या दशकातली अमेरिकन हँडलेही तशीच होती. बदलायचे ते फक्त कार्ट्रिज. प्लास्टिकचे फेकून द्यायचे हँडल नंतर आले. सुटे करून घासता येईल, पुन्हा जोडता येईल आणि किती वेळा फायर झाले हे स्वतः मोजेल असे पोर्टमधून जाणारे हँडल घडवणे हे आपल्या अभियंत्यांचे काम आहे. आयआयटी मुंबईतल्या बेटिकसारख्या केंद्रांत डॉक्टर आणि अभियंते एका टेबलावर बसतात. त्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा अशी आमची विनंती आहे.

सर्जनांना आमचे सांगणे आजच करता येईल असे आहे. ओटीत रिलोड मागताना रंगाबरोबर बंद उंची बोला: "ग्रीन, दोन मिलिमीटर." सिस्टरने पाकीट वाचून तोच आकडा परत सांगावा. फायर करण्याआधी जबड्यात नळी, बूजी किंवा जुनी क्लिप नाही ना, हे मोठ्याने विचारा. पंधरा सेकंद घड्याळात मोजा. स्टेपलर अडकला, ओळ उघडली किंवा स्टेपल नीट वळला नाही, तर तो रिलोड आणि हँडल फेकू नका. धुवून, पिशवीत घालून लेबल लावा, बॅच क्रमांक आणि वापराची खेप नोटमध्ये लिहा, मटेरिओव्हिजिलन्सचा अर्ज भरा. हँडल दुसऱ्यांदा वापरलेले असेल तर तेही लिहा. पुढच्या अंकापासून आम्ही अशा नोंदींसाठी दोन पाने राखून ठेवत आहोत. रुग्णाचे आणि रुग्णालयाचे नाव वगळून, रिलोडच्या छायाचित्रासह दर महिन्याच्या वीस तारखेपर्यंत पाठवा.