चढ पाहून गाडी घ्यावी



या सदरात आपण बियाणे, खते, फवारणी, मोटारपंप यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. पण त्यातला हिशेब आपल्या विहिरीवरच्या मोटरीचाच आहे, म्हणून तो इथे मांडतो.

गेल्या महिन्यात बाजाराच्या दिवशी आमच्या भागातले एक कांदाउत्पादक शेतकरी कचेरीत आले. गावात लहानथोर सारे त्यांना तात्याच म्हणतात. बरोबर काकूही होत्या. मला वाटले, करप्याची तक्रार असणार. पण तात्या म्हणाले, "साहेब, आज कांद्याचं काम नाही. पोरीच्या गाडीचं आहे."

त्यांची मुलगी न्यूझीलंडमध्ये डुनेडिन या गावी शिकते. दिवसा कॉलेज, संध्याकाळी काम. खोली टेकडीवर, भाडे कमी म्हणून घेतलेली. रात्री काम सुटले की अर्धा तास चढ चालत जावे लागते. तिच्या ओळखीची एक मुलगी आपली पन्नास सीसीची स्कूटर स्वस्तात विकत होती. ती घ्यावी का, असे पोरीने विचारले होते. ठिबकच्या नव्या नळ्यांसाठी तात्यांनी पैसे बाजूला ठेवले होते, त्यातून पाठवायचे त्यांच्या मनात होते.

"इथं ती एकशे दहाच्या स्कूटरवर घाट चढायची," तात्या म्हणाले. "अंगानंही हलकी आहे. मग तिथं पन्नासची का चालू नये?"

प्रश्न रास्त होता. बाहेरदेशी गेलेली मुले आता पुष्कळ घरांत आहेत. म्हणून तात्यांना दिलेले उत्तर सर्वांसाठी लिहितो.

आधी तो मुलूख कसा आहे ते पाहू. डुनेडिन हे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरचे बंदराचे शहर. तिथले ओटागो विद्यापीठ १८६९ साली स्थापन झाले, ते त्या देशातले सर्वांत जुने विद्यापीठ. शहराची आखणी एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या एडिंबरो शहराच्या धर्तीवर झाली. कागदावर सरळ रेघा मारल्या, त्या टेकडीवर आल्या तरी सरळच राहिल्या. वरच्या वस्त्यांत माणसे नेण्यासाठी १८८१ पासून तिथे जाड तारदोराने ओढल्या जाणाऱ्या ट्रॅम होत्या. त्यांतली शेवटची १९५७ मध्ये बंद झाली. याच शहरातली बाल्डविन स्ट्रीट ही जगातली सर्वांत उभ्या चढाची गल्ली म्हणून प्रसिद्ध आहे. २०१९ मध्ये तो मान वेल्समधल्या एका रस्त्याला दिला गेला, पण फेरमोजणी होऊन २०२० मध्ये परत डुनेडिनला मिळाला. तिच्या सर्वांत उभ्या भागात २.८६ मीटर पुढे गेले की एक मीटर वर चढावे लागते. वरचा भाग डांबराचा नसून सिमेंट काँक्रीटचा आहे. उन्हात मऊ झालेले डांबर तिथून खालीच ओघळले असते.

प्रत्येक गल्ली अशी नसते, हे खरे. पण आपला घाट आणि तिथली गल्ली यांत फरक आहे. घाट डोंगराला वळसे घालत जातो, चढ साधारण वीस मीटरला एक मीटर असा धरून बांधतात. तिथली गल्ली सरळ टेकडीच्या छातीवर चढते. दहाला एक, सहाला एक असा चढ तिथल्या वस्त्यांत सापडतो. म्हणून 'घाट चढायची' हा दाखला तिथे पुरा पडत नाही.

आता हिशेब करू. एका सेकंदात ७५ लिटर पाणी एक मीटर उचलायला एक हॉर्सपॉवर लागते, हे आपण पंप घेताना पाहतो. गाडीचेही तसेच. पाण्याच्या जागी गाडी, माणूस आणि सामान यांचे वजन धरायचे.

गाडी ११० किलो, मुलगी ५५ किलो, पाठीवरची पिशवी व बाजारहाट १५ किलो, मिळून १८० किलो. वेग ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दहा मीटर. चढ दहाला एक. म्हणजे दर सेकंदाला १८० किलो वजन एक मीटर वर उचलायचे. १८० भागिले ७५, म्हणजे २.४ हॉर्सपॉवर. हे झाले नुसते वजन उचलणे. टायरचे घर्षण आणि समोरचा वारा यांना सुमारे एक हॉर्सपॉवर धरा. झाले ३.४. ही ताकद चाकाशी लागते. इंजिनापासून चाकापर्यंत पट्टा आणि गिअर यांत पाव हिस्सा तरी खर्ची पडतो. म्हणजे इंजिनाशी साडेचार हॉर्सपॉवर हवी.

पन्नास सीसीचे इंजिन साधारण तीन ते चार हॉर्सपॉवरचे असते. मग काय होते? गाडी थांबत नाही, पण वेग पडतो. ३६ च्या जागी पंचवीस-तीसवर येते. मागे दुसरी मैत्रीण बसली की एकूण वजन अडीचशे किलो होते आणि लागणारी ताकद सहा हॉर्सपॉवर. तिथे पन्नासची गाडी वीसवर रखडते. चढ सहाला एक असेल तर एकट्या माणसाला ताशी अठराच्या वेगालाच तीन हॉर्सपॉवर खर्ची पडतात. म्हणजे गाडी आपल्या ताकदीच्या शेवटाला आली. मधेच थांबावे लागले तर पुन्हा उचलणे कठीण. मागून मोटारी ताशी पन्नासने येत असताना रात्रीच्या वेळी अशी रखडणारी गाडी धोक्याची.

उलट ११० ते १२५ सीसीच्या स्कूटरची ताकद आठच्या आसपास असते. ती दोघांना घेऊन दहाला एक चढ चाळीसच्या वेगाने चढते आणि थोडी ताकद शिल्लक ठेवते. ही शिल्लकच कामाची. सपाटीवर गाडी किती पळते हे विचारू नये. रोजच्या वाटेवरचा सर्वांत उभा टप्पा भरल्या वजनानिशी ती कशी चढते, हे विचारावे. बैलजोडी आपण सपाट रस्त्यावर पळवून घेत नाही, भरल्या गाडीला जुंपून घेतो.

तात्यांना हे पटले. पण काकू इतका वेळ गप्प होत्या, त्या म्हणाल्या, "साहेब, चढेल कशी ते कळलं. पण पोरगी खाली कशी येईल?"

खरे सांगतो, त्या दिवशीचा सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. मला माझी गोष्ट आठवली. १९९४ साली माझी नेमणूक डोंगरी तालुक्यात होती. माझ्याजवळ पन्नास सीसीची जुनी मोपेड होती. एकदा प्रात्यक्षिकाच्या बियाण्याची पिशवी पुढे आणि एक शेतकरी मागे, असा मी वाडीवर गेलो. चढावर दोघेही उतरून ढकलत नेली. परत येताना उतारावर ब्रेक सतत दाबून धरला. अर्ध्या वाटेवर जळका वास आला आणि मग ब्रेक लागेनासाच झाला. गाडी कडेच्या मातीच्या ढिगात घातली म्हणून वाचलो. महिनाभर खांदा गळ्यात बांधून हिंडलो. दोष गाडीचा नव्हता. तिच्या ऐपतीबाहेरचे ओझे मी लादले होते.

बिनगिअरच्या स्कूटरला उतारावर इंजिनाची अटक थोडीच असते. वेग फार कमी झाला की तिचा क्लच सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. मग सारा भार ब्रेकवर. म्हणून पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक असलेली गाडी बरी. उतार लागण्यापूर्वीच वेग कमी करावा. दोन्ही ब्रेक बरोबर लावावेत, दाबून सोडावेत, सारखे धरून ठेवू नयेत. चाके दहा इंचीपेक्षा बारा इंची असली तर खड्ड्यावर गाडी सावरते. तिथला हिवाळा जून ते ऑगस्ट असतो. पहाटे रस्त्यावर दव गोठून काचेसारखा थर बसतो. अशा सकाळी उतारावर दुचाकी काढूच नये, चालत जावे.

गिअरची पण पाय सहज टाकून बसता येईल अशी छोटी गाडीही तिकडे मिळते. होंडा कंपनीची अशी ११० ची गाडी न्यूझीलंडमध्ये पोस्टमन वापरत आणि शेतांवरही चालवत. पहिला गिअर हाती असल्याने चढाला जोर मिळतो आणि उताराला इंजिनाची अटक मिळते. ज्याला गिअरची सवय आहे त्याने तिचाही विचार करावा.

आता कायद्याची बाजू. पन्नास सीसीपर्यंतची आणि ताशी पन्नास किलोमीटरच्या आत चालणारी गाडी न्यूझीलंडमध्ये मोपेड धरली जाते, ती मोटारीच्या लायसनवर चालते. त्यापुढची गाडी मोटारसायकलीत जाते, तिला त्या वर्गाचे लायसन हवे. आपल्याकडचे लायसन तिथे ठराविक मुदतीपर्यंत चालते, पण ज्या वर्गाचे असेल त्याच वर्गापुरते. तिथले शिकाऊ लायसन काढले तर मागे कुणाला बसवता येत नाही. म्हणून पैसे देण्याआधी लायसनच्या कचेरीत विचारून घ्यावे. बॅटरीवरची गाडी ताशी पन्नासच्या आत बांधलेली असेल तर तीही मोपेडमध्ये बसते आणि जागेवरून तिचा जोर चांगला असतो. फक्त चढावर बॅटरी लवकर उतरते, थंडीत आणखी लवकर, हे धरून चालावे. अपघातात माणसाला इजा झाली तर तिथल्या सरकारी योजनेतून उपचार होतात. गाडीचा विमा सक्तीचा नाही. तरीही तो घ्यावा. दुसऱ्याच्या मोटारीला धक्का लागला तर भरपाईत वर्षाची कमाई जाईल.

जुनी गाडी घेताना तिचा आतला पट्टा केव्हा बदलला ते विचारावे. चढाच्या गावात तो लवकर झिजतो. झिजलेल्या पट्ट्याने इंजिन ओरडते, पण गाडी सरकत नाही.

राहिला प्रश्न चढ मोजण्याचा. समपातळी बांध घालताना आपण जे करतो तेच. एक मीटर लांबीची सरळ पट्टी घ्यावी. तिचे एक टोक चढाच्या बाजूला रस्त्यावर टेकवावे आणि गवंड्याच्या पाणपातळीने पट्टी आडवी समतल धरावी. उताराकडच्या टोकाखाली रस्त्यापर्यंत जितके सेंटिमीटर अंतर, तितका शेकडा चढ. दहा सेंटिमीटर आले तर दहाला एक. सोळा-सतरा आले तर सहाला एक.

तात्यांनी कचेरीतूनच पोरीला फोन लावला आणि मी हे सांगितले. पोरगी शेतकऱ्याची. लहानपणी बांधाच्या आखणीत बापाबरोबर उभी राहिलेली. तिला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. चार दिवसांनी तिचा निरोप आला. मोठ्या रस्त्यावर नऊ सेंटिमीटर, खोलीच्या गल्लीत सतरा. तिने ती पन्नासची स्कूटरही गल्लीत चढवून पाहिली. एकटी कशीबशी वर पोचली. मैत्रीण मागे बसली तेव्हा अर्ध्या वाटेत तिला उतरावे लागले. हिशेब आणि अनुभव जुळले.

तिने ती गाडी घेतली नाही. तिचे इथले लायसन गिअरच्या मोटारसायकलीचे आहे, ते तिथे चालते याची खात्री करून घेतली. महिनाभर आणखी पायी चालली, आणि मग पुढे डिस्क ब्रेक असलेली १२५ ची जुनी स्कूटर घेतली. निम्मे पैसे तिने साठवले, निम्मे तात्यांनी पाठवले. ठिबकच्या नळ्या निम्म्याच बदलल्या, उरलेल्या पुढच्या हंगामात.

गाडी घेतल्यावर पहिले दोन रविवार तिने दिवसाउजेडी, रस्ता मोकळा असताना फक्त उतरण्याचा सराव केला. ही काकूंची अट होती. दुसरी अट, दव गोठलेल्या सकाळी गाडी कुलपातच राहील. तीही पोरीने कबूल केली आहे.

वाचकहो, तुमची मुले कुठेही असोत, डोंगराच्या गावी गाडी घेणार असतील तर त्यांना तीन गोष्टी विचारा. रोजच्या वाटेवर सर्वांत उभा चढ किती? गाडीवर सारे मिळून वजन किती? आणि उतरताना ती थांबते कशी? या तिन्हींची उत्तरे मिळाल्यावरच पैसे पाठवा.