आधी कोड सापडू दे, मग भांडू

आमच्या पिढीत 'क्रिकेट ०७' न खेळलेला माणूस शोधून काढावा लागेल. ईए स्पोर्ट्सने हा गेम नोव्हेंबर २००६ मध्ये आणला आणि आयपीएल सुरू झालं २००८ मध्ये. आता हिशोब करा. त्या गेममध्ये मुंबई विरुद्ध चेन्नई अशा ज्या मॅचेस तुम्ही खेळलात, त्या टीम्स कंपनीने दिलेल्याच नव्हत्या! कुणा हौशी लोकांनी रात्री जागून जर्सी रंगवल्या, खेळाडूंच्या याद्या भरल्या आणि सगळ्यांना फुकट वाटल्या.

पण त्याच लोकांना विचारा, की बाबांनो, फिल्डर कसा पळतो, कॉम्प्युटरचा बॅट्समन कुठला बॉल सोडून देतो, हे का नाही मनासारखं बदललंत? उत्तर एकच. सोर्स कोड नाही.

ज्यांचा प्रोग्रॅमिंगशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. प्रोग्रॅमर लिहितो तो सोर्स कोड. त्यात वाचता येतील अशी नावं असतात, कॉमेंट्स असतात, 'हे असं का केलं' याचा माग असतो. कंपायलर त्याचे मशीनला कळणारे आकडे करतो आणि सीडीवर फक्त ते आकडे येतात. पीठ हातात देऊन 'ओंबी कशी होती ते सांग' म्हणण्यासारखं आहे हे. अगदीच अशक्य नाही, पण जन्म जातो.

तर जगभर चाहत्यांचे गट जुन्या गेम्सचा सोर्स कोड मागत असतात. अर्ज करतात, सह्या गोळा करतात, जुन्या डेव्हलपर्सना गाठतात. लोकांना वाटतं, काय वेडेपणा आहे, मोठे झालात आता, सोडा की! मला ही मागणी शंभर टक्के रास्त वाटते. फक्त मागण्याचा क्रम चुकतो, असं माझं म्हणणं आहे.

आधी नेहमीचा आक्षेप बघू. 'कोड दिला तर धंदा बुडेल.' आयडी सॉफ्टवेअरने 'डूम' (१९९३) चा कोड २३ डिसेंबर १९९७ ला खुला केला. आधी अव्यावसायिक वापरापुरता, मग १९९९ मध्ये जीपीएल लायसन्सखाली. दिला तो फक्त कोड. नकाशे, चित्रं, आवाज, राक्षस ज्या 'वॅड' फाइलमध्ये असतात ती दिली नाही, ती विकतच घ्यायची. म्हणजे स्वयंपाकघर सगळ्यांना मोकळं, वाणसामान ज्याचं त्याने आणायचं. पुढे काय झालं? चाहत्यांनी त्या कोडवर 'बूम' नावाची सुधारित आवृत्ती रचली. ऑगस्ट २०२४ मध्ये 'डूम' आणि 'डूम २' ची नवी अधिकृत आवृत्ती विक्रीला आली, तर बूमसाठी बनवलेले मॉड्स तिच्यात चालतात असं कंपनीनेच सांगितलं. फुकट दिलेल्या कोडमधून झालेलं काम विकायच्या वस्तूत परत आलं. बुडाला का धंदा?

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि आपल्यासारख्यांना तो लगेच पटेल. कोड 'देणं' हे काम आहे. डूमच्याच वेळी आवाजाची लायब्ररी दुसऱ्याच्या मालकीची निघाली, त्यामुळे मूळ डॉसचा कोड देताच आला नाही, लिनक्सचा द्यावा लागला. २०११ मध्ये 'डूम ३' चा कोड देताना सावल्या काढण्याच्या एका पद्धतीवर दुसऱ्या कंपनीचं पेटंट होतं, म्हणून जॉन कारमॅकने तेवढा भाग बदलून लिहिला. प्रत्येक जुन्या गेममध्ये अशा चारदोन पाचरी असतात. त्या शोधायला इंजिनियर पाहिजे, वकील पाहिजे, आणि ते तास टाइमशीटवर कुठल्या प्रोजेक्टला भरायचे ते सांगणारा मॅनेजर पाहिजे! कंपनी गप्प बसते त्यात कंजूषपणापेक्षा हा प्रकार जास्त असतो, असं मला वाटतं.

पण खरी भीती तिसरीच आहे. कंपनीकडे कोड असतो का?

कोनामीने २०१२ मध्ये 'सायलेंट हिल एचडी कलेक्शन' काढलं, तेव्हा ते बनवणाऱ्यांना मिळालेला कोड विक्रीला गेलेल्या अंतिम आवृत्तीचा नव्हताच. अर्धवट अवस्थेतला होता. मूळ टीमने शेवटच्या टप्प्यात दुरुस्त केलेले बग यांना नव्याने सोडवावे लागले. 'आइसविंड डेल २' (२००२) ची सुधारित आवृत्ती बीमडॉगला करायची होती, पण सोर्स कोड सापडलाच नाही. आणि आपला लाडका 'प्रिन्स ऑफ पर्शिया' (१९८९)? जॉर्डन मेकनरच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, म्हणून त्याचा अ‍ॅपल टू वरचा मूळ कोड एप्रिल २०१२ मध्ये जगाला दिसला. तो खोका आधीच रद्दीत गेला असता तर? विषय संपला असता.

हे फक्त गेमवाल्यांचं दुखणं नाही बरं का. आमच्याकडे एका क्लायंटच्या सिस्टीममध्ये एक डीएलएल आहे, जिचा कोड कुणाकडेच नाही. लिहिणारा गेला, ती व्हेंडर कंपनीही बंद झाली. सगळी टीम त्या फाइलभोवती सोवळ्यातल्या देवासारखी फिरते, हात कुणी लावत नाही. तिथे निदान पैशाची गरज म्हणून आज ना उद्या कुणीतरी ती नव्याने लिहील. जुन्या गेमसाठी कोण लिहिणार?

चाहते लिहितात, हे खरंच. 'सुपर मारिओ ६४' मशीन कोडवरून उलटं वाचत वाचत असा नव्याने लिहिला गेला, की तो कंपाईल केल्यावर मूळ गेमशी बाइट न् बाइट जुळतो. अफाट काम! पण जो कोड कंपनीच्या एखाद्या टेपवर कदाचित पडलेला असेल, त्यासाठी हुशार लोकांनी वर्षानुवर्षं खपायचं आणि वर कायद्याची टांगती तलवार. 'जीटीए ३' चा असाच उलगडलेला कोड लोकांनी प्रसिद्ध केला, तर २०२१ मध्ये टेक-टू कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं. आणि चोरीचा मार्ग तर अजिबात नको. २००३ मध्ये 'हाफ-लाइफ २' चा कोड असाच चोरून पसरवला गेला होता. चोरलेला कोड बघितला, की तुमचं स्वतःचं कामही संशयात येतं.

आता कायद्याकडे या. अमेरिकेत कंपनीच्या मालकीच्या अशा कामाला प्रकाशनानंतर ९५ वर्षं संरक्षण आहे. म्हणजे डूमसाठी २०८८. ठीक आहे. पण पुस्तकाचा कॉपीराइट संपतो तेव्हा पुस्तक सगळं वाचता येतं. गेमचा संपेल तेव्हा आपल्या हातात पीठच येणार, कारण कधीच प्रसिद्ध न केलेला कोड दाखवायला कंपनीला कुणी भाग पाडू शकत नाही. नोंदणीच्या वेळी तिथल्या कार्यालयात जमा काय होतं? साधारणपणे कोडची पहिली २५ आणि शेवटची २५ पानं. त्यातही ट्रेड सिक्रेट असेल तर ओळी काळ्या करायची मुभा. ९५ वर्षांच्या राखणदारीच्या बदल्यात समाजाला पन्नास पानं, हा कसला सौदा?

आपल्याकडे १९५४ चा कायदा आहे. प्रकाशकाने छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीतल्या ठरावीक ग्रंथालयांना द्यायची. प्रकाशक बुडाला तरी प्रत राहावी, हा साधा विचार. सॉफ्टवेअरला हाच न्याय का नको? पूर्ण कोड जमा करा, हवं तर सील करून. संरक्षण असेपर्यंत किल्ली कंपनीकडेच राहू द्या. वस्तू तरी शिल्लक राहील.

म्हणून चाहत्यांनी क्रम बदलावा असं म्हणतो. पहिली मागणी 'कोड खुला करा' ही नको. पहिला प्रश्न 'कोड आहे का?', दुसरी मागणी 'त्याची नीट प्रत काढून ठेवा', आणि लायसन्सचं भांडण तिसरं. कोड जपलेला असला की तिसरी पायरी फार सोपी होते. 'झॉर्क' च्या तिन्ही भागांचा कोड २०१९ पासून लोकांसमोर होता. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला एमआयटी लायसन्स जोडलं, झालं काम. ईएने फेब्रुवारी २०२५ मध्ये 'कमांड अँड कॉन्कर' मालिकेतल्या जुन्या गेम्सचा कोड जीपीएलखाली दिला, तोही समुदायातल्या एका जुन्या माणसाला बरोबर घेऊन. म्हणजे कंपन्या ऐकतात. उशिरा, पण ऐकतात.

असो. तुमच्यापैकी कुणी गेम स्टुडिओत असेल, किंवा साध्या बँकिंग प्रोजेक्टवरही असेल, तर पुढचा प्रोजेक्ट बंद होताना एवढं करा. कोड, कंपायलरची व्हर्जन आणि वापरलेल्या लायब्ररींच्या लायसन्सची यादी एका जागी ठेवा, आणि एका कोऱ्या मशीनवर बिल्ड होतंय का ते बघून मगच दिवे मालवा. प्रत्येकाच्या वडिलांकडे ते कपाट असेलच असं नाही :-)