पाणचक्की शहरात, जाते माजघरात



कोर्टकचेरीच्या, दवाखान्याच्या कामाने आपले छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेला, जाणे होते. तिथली पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. पुढच्या खेपेला ती शेतकऱ्याच्या नजरेने पाहा.

मोगल-निजामाच्या काळातली ही चक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी काही कोसांवरून, जमिनीखालच्या खापरी नळांतून आणले. ते उंच भिंतीवरून हौदात पडते. चक्कीखाली लोखंडी पात्यांचे आडवे चाक आहे. पाण्याचा मारा बसला की चाक फिरते आणि त्याचा उभा दांडा वरचा दगड फिरवतो. ना बैल, ना कोळसा, ना वीज. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचे छत, म्हणून तिथे उन्हाळ्यातही गारवा.

पीठ व्हायचे ते शेजारच्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातल्या फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी. काम पुण्याचे, त्याला नाव ठेवायचे कारण नाही. पण ज्या खेड्यांतून धान्य पिकत होते, तिथे मायमाउली पहाटे उठून हातानेच जाते ओढत होती. या देशात अक्कल कमी नव्हती, कारागीर कमी नव्हते. ती अक्कल गावाच्या वेशीत आली नाही, एवढेच.

आज तरी वेगळे काय आहे? गावोगावी विजेची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले. पण ती आपल्या घरापुरते दळते. विकायचा माल अजून कच्चाच गाव सोडतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते आणि ६० किलोंवर सरकी. सरकीचे तेल होते, ढेप होते. आपण कापूस विकतो आणि तीच ढेप बैलासाठी विकत आणतो! १९७२ साली सुरू झालेल्या एकाधिकार खरेदीत तर कापूस दुसऱ्याला विकायचीही बंदी होती. ती बंदी गेली, आपली सवय गेली नाही.

१९९१ साली आपल्याच शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेती मांडली. त्यातली माजघर शेती म्हणजे हेच: माल घरातून निघण्याआधी त्यावर घरची प्रक्रिया व्हावी. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिल तयार केली, तीही अशाच कामाची. कापसाच्या तासांमधली तूर तिच्यावर भरडता येते.

कोणी म्हणेल, ज्वारीचे पीठ टिकत नाही, लवकर कडू होते. खरे आहे. म्हणूनच ते मुंबईच्या कारखान्यात नव्हे, खाणाऱ्याच्या जवळ दळले पाहिजे. शेगावला हजारो भाविक येतात. पाणचक्कीने यात्रेकरूंसाठी दळले, तसे आपणही दळू. मात्र फुकट नाही, रोख दामाने.

कोणी म्हणेल, भांडवल कुठून आणायचे? एकट्याला झेपणार नाही, हे कबूल. दहा घरांनी मिळून हिशेब मांडावा: वीज किती तास मिळते, माल किती, गिऱ्हाईक कोण. आतबट्ट्याचे निघाले तर सोडून द्यावे. सरकारी अनुदानाच्या आशेने यंत्र आणून गंजत ठेवू नये.

रास्त भावाची लढाई सोडायची नाहीच. पण जोवर दळण दुसऱ्याच्या हाती, तोवर पीठ त्याचे आणि कोंडा आपला. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने हा हिशेब कागदावर मांडून आणावा. मायबहिणींना सोबत आणावे. दळणाचा हिशेब त्यांच्याइतका कोणाला कळतो?