दुधावरची साय कुणाची?

नातवंडांना आपल्याकडे दुधावरची साय म्हणतात. माझी ही साय पुण्याला राहते आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोऱ्हाळ्याला येते. यंदा आल्या आल्या नातीचं फर्मान निघालं, ‘आजी, फ्रूट सॅलड कर, पण क्रीम घालून!’

लेकाला दुकानात पिटाळलं. वेफर्स होते, थंड बाटल्या होत्या, क्रीमचा डबा काही नव्हता. ‘बारामतीला मिळेल,’ असा निरोप घेऊन तो परत आला. आता गंमत बघा. त्याच सकाळी आमच्या गोठ्यातलं बावीस लिटर दूध डेअरीवर गेलं होतं आणि आम्ही सायीचा डबा शोधत हिंडत होतो!

धाकटी सून म्हणाली, ‘आत्या, फ्रिजमध्ये वाटीभर लोणी आहे ना? त्याचीच परत साय करू.’ मी हसले. लोण्याची कधी साय होते का? पण तिनं करून दाखवली. मैत्रिणींनो, तुम्हीही करून बघा.

शंभर ग्रॅम लोणी घ्या. घरचं असेल तर गार पाण्यानं तीन-चारदा धुवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. विरजणाचा आंबटपणा राहिला तर दूध फाटतं. दोनशे मिली तापवलेलं दूध बोटाला चटका बसेल इतपत गरम असताना त्यात लोणी घाला. विरघळलं की गॅस बंद. उकळी अजिबात आणायची नाही. मिक्सरचं भांडं निम्मंच भरा, नाहीतर गरम दूध झाकण उडवतं. दोन मिनिटं फिरवा, गार करा आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी चमच्यानं हलवलं की दाट, गुळगुळीत क्रीम तयार. दोन दिवसांत संपवा. भाजीत घालायचं तर गॅस बंद केल्यावर शेवटी घाला. केकवर फुगवून लावायला मात्र याचा भरवसा धरू नका.

यात जादू काही नाही. रवीनं घुसळलं की सायीतले स्निग्धाचे कण एकमेकांना चिकटून लोण्याचा गोळा होतो. मिक्सरचं पातं उलट काम करतं. विरघळलेलं लोणी बारीक बारीक थेंबांत फोडतं आणि दुधातली प्रथिनं त्या थेंबांना धरून ठेवतात. लोण्यात साधारण ८० टक्के फॅट असतं. वरच्या मापानं केलेल्या क्रीममध्ये पाव हिस्सा तरी फॅट भरतंच. बाजारातल्या फ्रेश क्रीमच्या डब्यावरही २५ टक्केच लिहिलेलं असतं.

ही युक्ती जुनीच आहे. इंग्लंडमध्ये १९३० च्या दशकात लोणी आणि दुधाची परत साय करणारी हातयंत्रं बायका स्वयंपाकघरात वापरायच्या. पुढे महायुद्धाच्या काळात, १९४० साली, तिथं साय विकायलाच बंदी आली. त्यांच्याकडे दुधाचा तुटवडा होता हो. आपल्या दारात तर दुधाच्या किटल्या आहेत. मग आपल्यावर ही वेळ का यावी?

मला विचाराल तर याचं उत्तर डेअरीच्या पावतीत आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यानं आमच्याकडे ऊस आला, चारा आला. म्हशींच्या जागी जर्सी आणि होल्स्टीन गाई आल्या. दूध वाढलं, पण साय पातळ झाली. गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो. फॅट म्हणजे आपली सायच की! ती कमी भरली की पैसे कापतात. म्हणून जास्तीत जास्त दूध डेअरीवर जातं आणि घरात राहतं चहापुरतं. फ्रिजमधलं ते वाटीभर लोणीही सुनेनं आठवडाभर चहाच्या दुधावरची साय साठवून काढलेलं होतं.

पहाटे उठून धारा कोण काढतं? शेण, वैरण, पाणी कोण बघतं? बहुतेक घरांत बाईच. पावतीवर नाव मात्र मालकांचं. दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो तो त्यांच्या खात्यात. आमच्याकडेही परवापर्यंत तसंच होतं.

पेंडीचे पैसे, गाईच्या कर्जाचा हप्ता, हे सगळं दुधातूनच भागतं, याची मला जाणीव आहे. पण रोज अर्धा लिटर जास्त घरात ठेवलं तर महिन्याला पंधरा लिटर होतं. तीस रुपये भाव धरला तरी साडेचारशे रुपये. त्यासाठी दूधवाल्याच्याच घरातल्या लेकरांनी पाणीदार चहा प्यायचा? याला मी काटकसर म्हणणार नाही. आणि धारा काढणारीच्या नावावर दूध घातलं तर घरातून एक रुपयाही बाहेर जात नाही. तिला मात्र वाटीभर दूध ठेवायलाही कुणाला विचारावं लागत नाही.

नातीनं दुसऱ्या दिवशी दोन वाट्या फ्रूट सॅलड हाणलं. रात्री मी आमच्या ह्यांच्यापुढे पावती ठेवली आणि म्हटलं, ‘पुढच्या पगारापासून दूध सुनेच्या नावावर घालायचं.’ ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘पेंडीचं बिल पण तिच्याच नावावर ना?’

सून आतून म्हणाली, ‘चालेल की, मामा!’

तुमच्या घरची पावती कुणाच्या नावावर आहे, आज जरा बघाल?