सांदणच्या कातळात आणखी एक बोल्ट कशाला?

रतनगडाच्या शेजारी, साम्रद गावाला लागूनच जमीन उभी फाटली आहे. ही सांदण दरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. दोन्ही बाजूंना दोनशे फुटांहून उंच कातळ, काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढीच वाट, आणि भर उन्हाळ्यातही दात वाजवणारे डोह. पुढे दरी टप्प्याटप्प्याने कोकणाकडे उतरते आणि तिथे दोराशिवाय चालत नाही.

हिवाळ्यात शनिवार-रविवारी याच टप्प्यांवर आता रांग लागते. गर्दीचा राग नाही. आपणच ती गर्दी आहोत. काळजी आहे ती कातळाची.

टप्प्याच्या माथ्यावर जरा वाकून बघा. गंजलेला बोल्ट, त्याखाली काळ्या कातळावर उतरलेला तांबूस ओघळ, उन्हाने पांढरी पडलेली कुणाची तरी स्लिंग. जुन्या बोल्टवर भरवसा नाही म्हणून शेजारी नवा ठोकायचा. पुढच्या गटाला तो कुणी ठोकला हे ठाऊक नाही, म्हणून त्यांनी तिसरा ठोकायचा. सह्याद्रीत ठिकठिकाणी हेच चाललं आहे. आणि बेसॉल्टमध्ये पाडलेलं भोक पुन्हा भरून येत नाही.

शिवाय हा कातळ सगळीकडे सारखा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे हे थर. हातोडीने ठोकलं तर एक खणखणीत वाजतो, वीतभर अंतरावरचा दुसरा बद्द. बद्द वाजणाऱ्या कातळात घाईने बसवलेला बोल्ट फक्त दिसायला मजबूत. त्यामुळे बोल्ट वाढले म्हणजे सुरक्षितता वाढली, हे काही खरं नाही.

सांदणचं मोल तिच्या बिनसोयीतच आहे. इथे शिड्या, रेलिंग नाहीत. कातळ वाचायचा, दोर कुठे घासेल ते ओळखायचं, आभाळ बघून परत फिरायचं, हे इथे शिकता येतं. वरच्या पठारावर सर कोसळली की या चिंचोळ्या वाटेचा बघता बघता ओढा होतो. असं शिकवणारी जागा आपण पायऱ्यांचं उद्यान करून टाकली, तर नव्या पोरांना कुठे नेणार?

काळजी पाण्याचीही आहे. रतनगडावर उगम पावणारी प्रवरा भंडारदऱ्याच्या धरणाकडे जाते, सांदणचं पाणी मात्र कोकणात कोसळतं. डोहात टाकलेली प्लास्टिकची बाटली पावसाळ्यात शहापूर तालुक्यातल्या कुणाच्या तरी बांधावर जाऊन पडणार.

हे थांबवता येईल, आणि तेही आपल्यालाच. एका टप्प्यासाठी सगळ्या गटांनी मिळून अँकरची एकच जागा ठरवूया. तिथे स्टेनलेस स्टीलचे चांगले बोल्ट जाणत्या हातांनी बसवावेत, तारीख लिहून ठेवावी, दर हंगामाआधी तपासावेत. खर्च वाटून घेतला तर कुणालाच जड नाही. तिथे पोचणाऱ्या प्रत्येकाने एक तरी सडकी स्लिंग कापून पिशवीत घालून आणावी. कातळावर रंगाचे बाण नकोत, आणि स्पीकर तर मुळीच नको. कड्यावरची आग्या मोहोळं उठली तर दोरावर लटकलेला माणूस पळणार कुठे? गटही लहान ठेवूया. पन्नास जणांना एका दोरावरून उतरवणं म्हणजे नुसती हमाली.

आणि साम्रदच्या मंडळींना विचारल्याशिवाय काहीच नको. कुठल्या डोहाला यंदा किती पाणी, कुठली धोंड हलते, हे त्यांना आपल्या मोबाइलपेक्षा आधी कळतं. वाटाड्या गावातलाच घ्या, जेवण गावातच करा. आपल्याकडे जादा हेल्मेट-हार्नेस असतील, तर गावातल्या पोरांना दोरकाम शिकवा. उद्या अँकरची देखभाल तेच करतील, आणि त्या कामाचे पैसेही त्यांनाच मिळायला हवेत.

पाऊस ओसरून दरी उघडायला वेळ आहे. तोवर आपापल्या गटाच्या बैठकीत हा विषय काढा, शेजारच्या गटालाही बोलवा. ड्रिल कुणाकडे आहे, जाणता हात कुणाचा आणि साम्रदला जाऊन बोलणार कोण, एवढं त्याच बैठकीत ठरवून टाका.