घर : एक शब्द, अनेक खोल्या

तुमच्या मराठी शब्दांच्या वहीत पहिल्या पानावर 'घर' हा शब्द नक्कीच असेल. त्याच्यापुढे अर्थ म्हणून पुन्हा 'घर' किंवा 'मकान' असे लिहिलेले असेल. उर्दूतही घर आणि मराठीतही घर! मग यात शिकण्यासारखे ते काय, असे वाटून आपण पान उलटतो. माझे मत मात्र वेगळे आहे. जो शब्द आपल्याला आधीपासून येतो असे वाटते, तोच अधिक काळजीपूर्वक शिकावा लागतो. अवघड शब्द भेटला की आपण थांबतो आणि कोश उघडतो. ओळखीचा शब्द भेटला की न थांबता पुढे जातो आणि तिथेच फसतो.

आधी व्याकरणाची गोष्ट पाहू. उर्दूत पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. 'घर बड़ा है' असे आपण म्हणतो आणि त्याच सवयीने मराठीत 'घर मोठा आहे' असे लिहून टाकतो. मराठीत नपुंसकलिंग हे तिसरे लिंग आहे आणि 'घर' हा शब्द त्यात येतो. म्हणून 'घर मोठे आहे', 'आमचे घर', 'ती घरे' असे लिहावे लागते. तसेच 'घरमध्ये' असे रूप होत नाही. 'घरात' किंवा 'घरामध्ये' म्हणावे. 'अम्मी घरी आहे' या वाक्यातील 'घरी' हे आणखी वेगळे रूप. 'घरात' म्हणजे भिंतींच्या आत, तर 'घरी' म्हणजे बाहेरगावी किंवा बाजारात नव्हे, घरी. अंगणात धान्य निवडत बसलेली अम्मी घरी असते, पण घरात नसते.

आता अर्थांकडे वळू. 'घर' म्हणजे विटामातीची इमारत, हा झाला पहिला अर्थ. 'त्यांच्या घरचे सगळे आले' म्हटले की घर म्हणजे माणसे. 'ती एकटी घर चालवते' म्हटले की घर म्हणजे संसार आणि त्याचा खर्च. चष्मा ठेवण्याच्या डबीला चष्म्याचे घर म्हणतात. गणितात एककाचे घर आणि दशकाचे घर असते. 'त्यांचे वय साठीच्या घरात आहे' म्हणजे वय साठच्या आसपास आहे. हे वाक्य शब्दाला शब्द ठेवून उर्दूत केले, तर ऐकणारा विचारील, साठ नावाच्या माणसाचे हे घर आहे तरी कुठे?

काही ठिकाणी दोन्ही भाषा अगदी हातात हात घालून चालतात. उर्दूत एखादी गोष्ट दिल में घर करते, मराठीत ती मनात घर करते. उर्दूतली मुले घर सर पर उठाती हैं, मराठीतली मुले घर डोक्यावर घेतात. इकडे घर जमाई आहे, तर तिकडे घरजावई. अशा जागी आपले काम सोपे होते.

पण सगळीकडे असे चालत नाही. बहिणीचे लग्न झाले की आपण आनंदाने म्हणतो, 'बाजी का घर बस गया.' हेच वाक्य निबंधात 'ताईचे घर बसले' असे लिहिले, तर वाचणारा घाबरून जाईल. मराठीत 'बसणे' म्हणजे उर्दूतले 'बैठना'. पावसाने भिंत बसते म्हणजे ती खचते. घर बसले म्हणजे ते कोसळले, किंवा घरातला कर्ता माणूस जाऊन कुटुंबाची दुर्दशा झाली. आपल्याला म्हणायचे असते शुभ आणि होते अशुभ. तिथे 'ताईने संसार थाटला' असे लिहावे.

वर्तमानपत्रातही असे सापळे असतात. 'हातमागाच्या धंद्याला घरघर' असा मथळा समजा तुमच्यासमोर आला. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथे मागांवर कित्येक कुटुंबे जगतात. तिथल्या एखाद्या मुलाला वाटेल, वा! आता हातमाग घरघर म्हणजे घरोघरी पोहोचला! प्रत्यक्षात मराठीत 'घरघर' म्हणजे मरणाऱ्या माणसाच्या घशातून येणारा आवाज. 'घरघर लागली' म्हणजे शेवट जवळ आला. या शब्दाचा 'घर'शी काही संबंध नाही, तो आवाजावरून बनलेला आहे. तसाच 'घरचा आहेर'. आहेर म्हणजे लग्नकार्यातली भेट. पण एखाद्या पुढाऱ्याला त्याच्याच पक्षातून घरचा आहेर मिळाला, असे छापून आले, तर त्याला भेट मिळालेली नसते. त्याच्याच माणसांनी त्याच्यावर टीका केलेली असते.

मराठीत घराची भावंडेही आहेत. संस्कृतातला 'गृह' हा शब्द प्राकृतातून येता येता 'घर' झाला. तरी मूळचा 'गृह' नाहीसा झाला नाही. गृहपाठ, वसतिगृह, सभागृह, कारागृह या शब्दांत तो आजही आहे. तिसरे भावंड फारसीतून आले. फारसीत 'ख़ाना' म्हणजे घर. औषधाचे घर ते दवाखाना, छपाईचे घर ते छापखाना, तोफांचे घर ते तोफखाना. मराठ्यांच्या राज्यात अठरा कारखाने होते असे इतिहासात वाचतो. ते आजच्यासारखे यंत्रांचे कारखाने नव्हते, तर कारभाराची खाती होती. धान्याचा अंबारखाना, खजिन्याचा जामदारखाना, स्वयंपाकाचा मुदपाकखाना. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यकारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राजव्यवहारकोश' तयार झाला. तरीही कारखाना आणि दवाखाना हे शब्द लोकांच्या बोलण्यात राहिलेच. आज स्वयंपाकघर, वसतिगृह आणि दवाखाना हे तिन्ही शब्द एकाच मराठीत सुखाने नांदतात.

इथे उर्दू शिकणाऱ्यांचा एक फायदा आहे. देवनागरीत जेवणाचा 'खाना' आणि घराचा 'खाना' बहुधा एकसारखेच छापतात. तुम्ही मात्र जाणता की उर्दूत एक 'काफ' आणि 'दोचश्मी हे' यांनी लिहितात, तर दुसरा 'ख़े' या अक्षराने. त्यामुळे दवाखान्यात दवा खातात म्हणून तो दवाखाना, अशी समजूत तुमची होणार नाही. आणखी एक गंमत पाहा. बुद्धिबळाच्या पटावर चौसष्ट चौकोन असतात. मराठीत त्यांना 'घरे' म्हणतात आणि उर्दूत 'ख़ाने'. शब्द निराळे, पण पटाकडे पाहण्याची नजर एकच. अरबीत तर 'बैत' म्हणजे घर आणि 'बैत' म्हणजे कवितेची ओळही. तुम्ही बैतबाजी खेळता, ती याच शब्दाची. 'मिसरा' या शब्दाचा एक अर्थ दाराची एक फळी असा आहे. दोन फळ्या मिळून दार, तसे दोन मिसरे मिळून शेर.

'घर'पासूनच 'घराणे' हा शब्द झाला. सुरुवातीला त्याचा अर्थ कुळ, वंश एवढाच होता. संगीतात तो मोठा झाला. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ उत्तरेतून आले आणि मिरजेत स्थायिक झाले. त्यांचे निधन १९३७ मध्ये झाले. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. कोल्हापूरच्या दरबारी राहिलेले उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर शिकल्या. यांच्यापैकी कुणाचेही आपल्या गुरूशी रक्ताचे नाते नव्हते. तरी ते सारे त्या घराण्याचे झाले, कारण त्यांनी ती गायकी वर्षानुवर्षे मेहनत करून आपलीशी केली.

भाषेचेही असेच आहे असे मला वाटते. पुष्कळ मुले म्हणतात, 'मराठी आमच्या घरची भाषा नाही, परीक्षेपुरती आली की झाले.' २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणे बंधनकारक करणारा कायदा झाला. पण कायद्याने मराठीचा तास मिळतो, मराठीशी घरोबा होत नाही. तो आपणच करावा लागतो.

आणि त्याची गरज परीक्षेनंतर जास्त पडते. नगरपालिकेची घरपट्टीची नोटीस येते. घरात मराठी वाचणारे कोणी नसेल, तर अम्मी किंवा दादी तो कागद घेऊन शेजारीपाजारी फिरतात. वाचणारा सांगेल ते खरे मानावे लागते. त्या कागदावरचे शब्द जरा पाहा : मालमत्ता, रक्कम, बाकी, मुदत, तारीख, वसुली, जप्ती. यातला कोणता शब्द परका आहे? 'मालमत्ता' म्हणजे आपला 'माल-ओ-मता'च की! दहावीत शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने तो कागद स्वतः वाचून मोठ्यांना समजावून सांगितला, तर त्या घराला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागणार नाही.

कोणी म्हणेल, परीक्षेत तर एका शब्दाचा एकच अर्थ विचारतात, मग गाईडमधली यादी पाठ केली तर काय बिघडले? यादीने एक गुण मिळेल, हे खरे. पण 'घर' पुढे 'मकान' एवढेच पाठ करणारा 'साठीच्या घरात' पाशी अडेल आणि 'घरघर' पाशी फसेल. शब्द एकटा राहत नाही. क्रियापद बदलले की त्याचा अर्थ बदलतो. म्हणून शब्द त्याच्या वाक्यासह शिकावा.

तुमच्या वहीत आजपासून एक पान फक्त 'घर' या शब्दासाठी ठेवा. घरोबा, घरकुल, घरटे, घरभेद्या, घरोघरी मातीच्या चुली असे जे जे भेटेल, ते वाक्यासह लिहा. समोर उर्दूतला जोडीदार लिहा. जिथे जोडी जुळत नाही, तिथे लाल रेघ मारा. ते पान भरले की 'पाणी', 'हात', 'तोंड' यांची पाने उघडा. वर्षअखेर ही वही तुम्हाला कोणत्याही गाईडपेक्षा अधिक उपयोगी पडेल.